फुकटचं राज्य आणि माझा प्रॉम्प्टर

मला आयुष्यात एकही संवाद पाठ झालेला नाही. तरी मी आमच्या गावच्या नाट्यमंडळात वीसेक वर्षं राजा होतो. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडाऱ्याकडे, गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्यात राजा मीच. छाती रुंद, आवाज दांडगा आणि मिशी घरची, त्यामुळे भाड्यानं फक्त मुकुट आणावा लागायचा. पाठांतराचं मला कुणी कधी विचारलं नाही, कारण विंगेत मास्तर उभा असायचा.

मास्तर माझ्या वर्गातला. गावातल्या सगळ्यांना तो सर, मला तो ‘अबे मास्तर’. शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि नाटकात प्रॉम्प्टिंग करायचा. प्रॉम्प्टर म्हणजे पडद्याआडून नटाला वाक्य पुरवणारा माणूस. तो हळू आवाजात वाक्य टाकायचा आणि मी ते उचलून थेट शेवटच्या रांगेत फेकायचो. शब्द कानात शिरायचा आणि तोंडातून निघायचा. मध्ये डोकं नावाचं स्टेशन लागतच नसे. वरठीला न थांबणारी गाडी जशी धडधडत निघून जाते, तसं. टाळ्या मला पडायच्या. मास्तर विंगेतच पान उलटायचा.

आणि एका पावसाळ्यात मास्तरला लकवा मारला.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात महिना काढून तो घरी आला. पाय सुधारला, हात बराच सुधारला, डोकं तर पहिल्यापासून लख्ख होतं. जीभ मात्र जड झाली. सुरुवातीला शब्दच फुटत नव्हता. पुढे फुटायला लागला, पण तुकड्या-तुकड्यानं, आणि ‘र’ आला की गाडी पुलावर अडकायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज अर्धा तास मोठ्यानं वाचायचं. पेपर वाचा, गोष्ट वाचा, काहीही वाचा, पण आवाज काढून. मास्तर पेपर वाचायचा, पण मनात.

त्याची एकुलती मुलगी पुण्याला नोकरी करते. बाप आजारी पडला तेव्हा ती येऊन तीन आठवडे राहिली. त्या तीन आठवड्यांत तिनं त्याच्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता. ती निघताना त्यानं पाटीवर डाव्या हातानं लिहून दिलं, ‘चांगलं झाल्यावर बोलीन.’ त्यानंतर दर रविवारी दुपारी दोनच्या सुमारास तिचा फोन यायचा आणि मास्तरची बायको, आमच्या वैनी, तो स्पीकरवर ठेवायच्या.

“बाबाले दे ना, आई.”

“ऐकून राहिले ना ते. मान हलवून राहिले, पाह्य.”

“मान नाही ऐकू येत मले, आई.”

तेवढ्यात मास्तर उठून परसात निघून गेलेला असायचा. हे मी दोनदा स्वतः पाहिलं. वैनी फोन ठेवून मला म्हणाल्या, “भाऊजी, पोरगी विचारते का बाबाचा आवाज परत आला का नाही. मी काय सांगू? आला म्हटलं तर ऐकव म्हणते. नाही म्हटलं तर रडते.”

मी पेपर घेऊन गेलो, त्यानं तोंड फिरवलं. मग मी शहाण्यासारखा जुन्या नाटकाची वही घेऊन गेलो. ती पाहून त्यानं डोळेच मिटले. त्या वहीतलं एकही वाक्य ज्याचं कधी चुकलं नाही, त्याच्या हातात तीच वही! माझ्या अकलेला तोरण बांधायला हवं होतं.

आता राज्याकडे येतो.

लाखनीला हायवेवर माझं दुकान आहे. झेरॉक्स, सातबारा, ऑनलाइन फॉर्म, फोटो अर्ध्या तासात. दुपारी एकनंतर गिऱ्हाईक नसतं. ट्रक धूळ उडवतात आणि मी कॉम्प्युटरवर माश्या मारतो. अशाच एका दुपारी पडद्यावर एक चित्र आलं. मुकुट घातलेला दाढीवाला राजा आणि खाली लिहिलेलं, फुकट. मुकुट दिसला की मी विरघळतो आणि फुकट दिसलं की उरलासुरलाही वाहून जातो. मी बटण दाबलं. तो कॉम्प्युटरवरचा खेळ निघाला, आणि उतरायला दोन दिवस लागले. तेवढ्यात चार जणांचे उत्पन्नाचे दाखले अडकले. त्यांना मी सांगितलं, सर्व्हर डाऊन आहे. आमच्या धंद्यात हे वाक्य मी प्रॉम्प्टरशिवाय बोलतो.

खेळ उघडला आणि समोर आला नकाशा, आयर्लंडपासून आपल्या हिंदुस्थानापर्यंत, हजार वर्षांपूर्वीचा. हजारो राजे, सरदार, त्यांची बायकापोरं, भाऊबंद, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा लिहिलेला. कुणी दयाळू, कुणी आळशी, कुणी विश्वासघातकी. मी सगळ्यात आधी लाखनी शोधली. प्रत्येक शहाणा माणूस हेच करेल. लाखनी नव्हती, साकोलीही नव्हती. आपल्या बाजूला एक मोठा रंगीत डाग होता, पण तिथला राजा व्हायचं तर पैसे भरा, असं कुलूप लावलेलं. फुकटात मिळत होते ते साता समुद्रापलीकडचे थंडी-वाऱ्याचे सरदार. मी पश्चिमेच्या टोकावरच्या बेटातला एक पकडला. एक किल्ला, तीनशे शिपाई, आणि मुलूख म्हणाल तर लाखनी तालुक्याएवढा.

सातबारा घ्यायला आलेल्या एका आजीबाईनं पडद्याकडे बघून विचारलं, “हा नवा नकाशा होय का जी? आमची धानाची बांधी कोणत्या रंगात आली?”

“आजी, तुमची बांधी सध्या समुद्रात आहे,” मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलो नाही.

मग पडद्यावर जिथं दाबावं तिथं चौकटी उघडायला लागल्या. प्रत्येक चौकटीत इंग्रजीचा हा एवढा परिच्छेद. माझं इंग्रजी फॉर्मातलं. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, पिनकोड. त्या राजाच्या दरबारात कुणी मला पिनकोड विचारेना. मी डोकं धरून बसलो, आणि तिथंच मला ते सुचलं. राजा आहे. त्याला काय बोलायचं ते माहीत नाही. पानंच्या पानं मजकूर आहे. म्हणजे या राजाला प्रॉम्प्टर पाहिजे.

दुसऱ्या दिवशी खेळ दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर टाकला, लॅपटॉप पिशवीत घातला, मोटरसायकलला किक मारली आणि दुपारी मास्तरच्या दारात उभा राहिलो.

“हे काय आणलं, भाऊजी?” वैनींनी विचारलं.

“राज्य आणलं, वैनी. फुकट होतं, म्हटलं घेऊन टाकावं.”

मास्तरनं नकाशा पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मी म्हणालो, “मास्तर, मले यातलं ढेकळं समजून नाही राहिलं. तू नुसता बस बाजूले.” तो बसला.

दोन दुपारी आम्ही त्या राजाकडे बघत बसलो आणि तो आमच्याकडे. काहीच घडेना. शिपाई जागच्या जागी, तारीख जागच्या जागी. मी म्हटलं, फुकटाचा राजा आहे, पगार मिळाल्याशिवाय हलणार नाही. लॅपटॉप आपटून पाहिला, चार्जर काढून लावून पाहिला. तिसऱ्या दुपारी पिशवी आवरायला लागलो, तर मास्तरनं माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं त्यानं पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथं एक बारीक शब्द होता.

“थां... बलं... आहे,” मास्तर म्हणाला.

मग त्यानं कीबोर्डवरची लांब पट्टी दाबली. तारीख पळायला लागली, शिपाई चालायला लागले, समुद्रात जहाज हललं. आतून वैनी ओल्या हातानं बाहेर आल्या होत्या. मला त्या डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसल्या, पण मी मुद्दाम मागे वळलो नाही.

तेव्हापासून रविवार धरून रोज दुपारी आमचा दरबार भरायला लागला. वैनी काळा चहा आणि भेदराची, म्हणजे टोमॅटोची, चटणी लावलेले मुरमुरे ठेवून जायच्या. चौकट उघडली की मास्तर आधी इंग्रजी वाचायचा, मग मराठीत सांगायचा. हा खेळ लढाईचा कमी आणि घरातल्या भानगडींचा जास्त. कोण कुणाचा मांडलिक, कुणाची सोयरीक कुणाशी, मेल्यावर वाटणी कशी, कोणत्या चुलतभावाच्या मनात काळं आहे. आमच्यासारख्या माणसांना यात शिकायचं असं काही नव्हतं. शिकायची होती ती फक्त बटणं.

पण प्रत्येक चौकटीच्या खाली दोन-तीन उत्तरं दिलेली असतात आणि त्यातलं एक निवडायचं असतं. आणि मी होतो रंगमंचावरचा नट. माझ्या रक्तात एकच कायदा, प्रॉम्प्टरचं पहिलं वाक्य आलं की ते आपलं. थांबला तो मेला, पब्लिक शिट्ट्या मारते. त्यामुळे मास्तरनं पहिलं उत्तर वाचलं रे वाचलं की मी ते राजाच्या आवाजात गर्जून म्हणायचो आणि बटण दाबून मोकळा व्हायचो.

शेजारच्या सरदाराचा वकील, म्हणजे दूत, आला. मास्तरनं वाचलं, “अप... मान क-रून... हाकला.” मी उभा राहून गरजलो, “अपमान करून हाकला याला!” आणि दाबलं. आठ दिवसांत नऊशे शिपाई आमच्या तीनशेंवर चालून आले. राजा कैदेत पडला, खजिना देऊन सुटला. पुढे सख्खा भाऊ भेटीला आला. मास्तर म्हणाला, “तु-रुंगात...” मी म्हणालो, “टाका तुरुंगात!” भाऊ शिकारीचं आमंत्रण द्यायला आला होता, हे नंतर कळलं. मांडलिक बिथरले. मास्तर माझ्याकडे बघायचा, सुस्कारा सोडायचा आणि पुढची चौकट वाचायचा. प्रॉम्प्टर नटाला रागवत नसतो. नाटक चालू असताना रागवणार कसा?

असं करता करता राजाला एक मुलगी झाली. एकच. ती सोळा वर्षांची झाली तेव्हा शेजारच्या त्याच नऊशे शिपायांच्या सरदाराच्या मुलाचं स्थळ आलं. मास्तर चौकट वाचायला लागला. नेहमीपेक्षा हळू आणि नेहमीपेक्षा जपून. सगळा मजकूर झाला, खालच्या उत्तरांवर आला. “मा... न्य... आहे,” त्यानं वाचलं.

“मान्य आहे! मान्य आहे! वाजवा चौघडे!” मी हात पसरले आणि दाबलं.

लॅपटॉपमध्ये घंटा वाजल्या. आणि टेबलावर मास्तरची डावी मूठ आदळली. मुरमुरे उडाले.

“पू-र्ण... ऐक... ना... बे!”

वैनी दारात. मास्तरचा चेहरा लाल झालेला.

“वीस... व-र्षं,” तो म्हणाला. “वीस व-र्षं... पाहून राहिलो. अ-र्धं... ऐकतं... अन् बोंबलतं. दुसलं... वाक्य... मी कायले... वाचतो? माझ्या... मावशीसाठी?”

त्याला ‘दुसरं’ म्हणायचं होतं. त्याचं त्याला कळलं, तो थांबला, आणि रागाच्या भरात पुन्हा म्हणाला, “दुसरं.” ‘र’ नीट निघाला. त्याच्या लक्षातही आलं नाही, इतका तो चिडला होता.

वैनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्या हसत होत्या का रडत होत्या, मला सांगता येणार नाही. मी मात्र हसलो. “अबे मास्तर, वीस वर्षं पोटात ठेवलं? विंगेतून एक जोडा तरी फेकायचा!”

“जोडा... फेकला होता. तुले... वाटलं... पब्लिकनं फेकला.”

मग त्यानं मला समजावून सांगितलं, एकेक शब्द वेचून. दुसरं उत्तर होतं, मुलगी इथंच राहील, मुलानं घरजावई व्हावं. तिसरं होतं, नकार. माझ्या घाईनं मुलगी त्या घरी गेली होती. तिची लेकरं त्या घरची, म्हणजे राजा मेल्यावर आमचा सगळा मुलूख त्या नऊशेवाल्याच्या नातवाच्या खिशात. या खेळात वर्षभरापूर्वीचं जतन झालेलं राज्य पुन्हा उघडता येतं. ते आम्ही उघडलं. आयुष्यात अशी सोय असती, तर मी निदान चार मंडया पुन्हा खेळलो असतो.

त्या दिवशी मास्तरनं नियम घातला. चौकट उघडली की मी दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. तो सगळी उत्तरं वाचेल. मग तो ‘झालं’ म्हणेल, तेव्हाच हात पुढे.

तुम्हाला एक कबुली देतो, मास्तरला सांगू नका. दोन महिन्यांत मला त्या चौकटी बऱ्यापैकी कळायला लागल्या होत्या. कोणतं बटण कशाचं, हे मी चित्रावरून ओळखायचो. पण तोंडानं मी सदैव, “हे काय म्हणून राहिला बावा? परत वाच ना. ऐकू नाही आलं. शेवटच्या रांगेत पोचलं पाहिजे.” आणि मास्तर पुन्हा वाचायचा. एका दुपारी तीस-चाळीस चौकटी उघडायच्या. डॉक्टरांचा अर्धा तास कधीच मागे पडला. ‘राजा’ हा शब्द त्याला सगळ्यात जड जायचा, म्हणून तो ‘आपला माणूस’ म्हणायचा. आपला माणूस चिडला, आपला माणूस शिकारीला गेला, आपल्या माणसाला ताप आला. मुलीला मात्र तो ‘बाई’ म्हणायचा. घरच्या मुलीला तो लहानपणापासून बाईच म्हणतो.

बाईसाठी त्यानं घरजावई शोधला, यादीतल्या सगळ्यांचे स्वभाव वाचून. मांडलिकांना भेटी पाठवल्या, रुसलेल्या भावाला तुरुंगातून काढून कारभारी केलं. राजामागून गादी बाईलाच मिळावी, याचा त्याला ध्यास लागला होता.

पण रविवारी फोन वाजला की तो अजूनही परसात जायचा. मी एकदा म्हटलं, “आता बोल ना बे. चांगलं बोलून राहिला तू.”

“चांगलं... नाही,” तो म्हणाला. “तिनं... आधीचा... बाप... ऐकला आहे.”

इथं मला प्रॉम्प्टर हवा होता. आणि विंगेत कुणी नव्हतं.

धान कापणीचा हंगाम आला. त्या रविवारी बाया मिळेनात, म्हणून वैनी स्वतः विळा घेऊन बोडीकडच्या बांधीत गेल्या. बोडी म्हणजे आमचं शेततळं, घरापासून हाकेच्या अंतरावर. जाताना फोन खिडकीत ठेवून गेल्या. आम्ही दोघंच. राजा आता सत्तरीचा झाला होता, अंथरुणाला खिळलेला. एक चौकट उघडली आणि मास्तर सावरून बसला. शेवटची इच्छा, वारसाबद्दल. मी हात पाठीमागे बांधले.

तेवढ्यात फोन वाजला. फोनवर त्याच्या पुण्याच्या मुलीचा फोटो.

मास्तरनं दाराकडे पाहिलं. वैनी नव्हत्या. माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “माझे हात बांधलेले आहेत. नियम तुझा आहे.” फोन वाजून बंद झाला. आम्ही दोघंही हललो नाही. तो पुन्हा वाजायला लागला.

“थांबव,” मास्तर म्हणाला.

मी एक हात काढून लांब पट्टी दाबली. तारीख थांबली. मास्तर उठला, खिडकीपर्यंत गेला आणि डाव्या हातानं फोन उचलला.

“आई! किती वेळ लावते? बाबा जेवले का? गोळी बदलली का डॉक्टरनं? आई? हॅलो? आई, आवाज येऊन नाही राहिला...”

मास्तरचे ओठ हलले, पण काही निघालं नाही. ज्या माणसानं वीस वर्षं मला एकही वाक्य कमी पडू दिलं नाही, तो स्वतःच्या पहिल्या वाक्यावर अडला होता. मला राहवलं नाही. मी त्याच्या मागे जाऊन, त्याच्याच जुन्या दबक्या आवाजात वाक्य टाकलं, “बाई, मी बोलून राहिलो.”

मास्तरनं वळून मला हातानं असं झटकलं, जसं पंगतीतून कुत्रं हाकलतात.

“प्रॉम्प्टर... नको,” तो म्हणाला. मोठ्यानं. फोनमध्येच.



“बाबा?”

“हो. हळू... बोलतो. तुटक... बोलतो. पूर्ण... ऐक.”

“ऐकते, बाबा,” ती म्हणाली. आणि खरंच ऐकत राहिली, मध्ये एक शब्द न बोलता. माझ्यापेक्षा फार गुणी श्रोता.

मी अंगणात आलो. आतून आवाज येत होता. एक शब्द, मग थांबा, मग पुढचा. त्यानं सुरुवात तब्येतीनं केली नाही. सुरुवात केली ती आपल्या माणसानं, कारण तो अंथरुणावर पडला होता आणि घाईचं होतं. नऊशे शिपाई, तुरुंगातला भाऊ, घरजावई, सगळं सांगितलं. माझा उल्लेख दोनदा आला, दोन्ही वेळा ‘तो गाढव’ असा. मध्येच तिकडून हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ नाक ओढल्याचा.

वैनी बांधीतून आल्या, हातात विळा, पायाला चिखल. फाटकात पाऊल टाकलं आणि त्यांना तो आवाज ऐकू आला. मी तोंडावर बोट ठेवणार होतो, पण गरज पडली नाही. त्या तिथंच फाटकाला टेकून उभ्या राहिल्या. विळासुद्धा खाली ठेवला नाही.

पाऊण तास झाला असेल. मास्तर दारात आला. घामानं शर्ट भिजलेला, चेहरा पहिला नंबर आलेल्या पोरासारखा. वैनींना म्हणाला, “दिवाळीले... येते म्हणते.” मग मला म्हणाला, “चल. त्याचं... काय झालं... पाहू.”

आत जाऊन पाहिलं तर पडदा काळा. बॅटरी संपली होती. चार्जर माझ्या दुकानात, काउंटरवर विसरलेला. मास्तरनं त्या काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी शिव्यांची वाट बघत उभा राहिलो.

“झालं,” मास्तर म्हणाला.

तेव्हा कुठं मला कळलं की मी कधीचे दोन्ही हात पुन्हा पाठीमागे बांधले होते. ते मी सोडले आणि चार्जर आणायला लाखनीला निघालो.